दोन रॉजर

माझ्याकडे एक घराणं आलंय दुरुस्तीला.
द तूर्मेल. नॉर्मंडीहून जिंकणाऱ्या राजाच्या मागोमाग
घोडे नावेत घालून इंग्लंडात उतरलेलं,
असं गिऱ्हाइकाचं म्हणणं.
गिऱ्हाईक ब्रिस्टलला, निवृत्त दंतवैद्य, चांगला माणूस.
पैसे वेळेवर पाठवतो, नाताळाला कार्डसुद्धा.

मी वडगाव शेरीत, तिसऱ्या मजल्यावर.
गुरुवारी वीज नसते. तेव्हा खिडकीशी बसून
छापून आणलेल्या सनदांवर पेन्सिल चालवते:
मठाला दिलेली गिरणी,
गिरणीच्या बदल्यात बापाच्या आत्म्यासाठी प्रार्थना,
वर दरसाल एक ससाणा.

लॅटिन येतं मला. लोकांना नवल वाटतं.
बाबा नगर रोडच्या सेमिनरीत स्वयंपाकी होते.
फादर हूबर तिखट कमी टाका सांगायला भटारखान्यात यायचे
आणि माझ्या पाटीवर विभक्त्या लिहून जायचे.
सहाच.
आमच्यात आठ असतात, संस्कृतात, मी म्हणाले शाळेतलं ऐकून.
श्रीमंत लोक तुम्ही, फादर म्हणाले.
बाबांनी कांदा चिरता चिरता मान वर केली होती.

तर रॉजर.
दंतवैद्याच्या तक्त्यावर तो अकराशे एकतीसला लग्न करतो
आणि अकराशे अठ्ठ्याण्णवला साक्षीला उभा राहतो.
मधल्या काळात दोन लढाया, एक तुरुंग,
आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मुलगा.
काटक असेल, दंतवैद्य लिहितो.

तीन महिने मी या काटक माणसाच्या मागे.
मग मोहरा दिसल्या.
एकीवर रानडुक्कर.
दुसरीवर तीन पक्षी, बिनपायांचे.
माणूस म्हातारा होतो, कर्ज काढतो, धर्मयुद्धाला जातो,
पण डुकराचे पक्षी कशाला करेल?

रॉजर दोन होते.
आणि दोघांच्या मधे एक मुलगी,
जिच्याबद्दल कारकुनानं लिहिलंय: एत फिलिआ.
आणि मुलगी.
जमीन तिच्यामागून गेली. गढी, गिरणी, ससाणा, सगळं.
दुसरा रॉजर कुठून तरी आला, तिच्याशी लग्न लावलं,
सासऱ्याच्या गावाचं नाव आपल्या नावामागे जोडलं.
आमच्याकडे याला घरजावई म्हणतात.
इंग्रजीत कसं लिहू, अर्धा दिवस सुचेना.

मागच्या मे महिन्यात राहुरीकडे गेले होते,
मिशनच्या जुन्या नोंदवहीसाठी. स्वतःच्या खर्चानं.
अठराशे सत्त्याण्णव, दुष्काळाचं साल,
एका पानावर बेचाळीस बाप्तिस्मे.
सव्विसावा पणजोबा: पेत्रुस, वय अंदाजे वीस,
फिलिउस,
आणि पुढे आडवी रेघ.
टाक जरा दाबून ओढलेला.
पणजोबांनी नाव सांगितलंही असेल,
गोऱ्या कानाला ते लिहिता आलं नसेल.
किंवा मागे रांग मोठी होती, ज्वारी शिजत आली होती.
ठाऊक नाही. मी रेघेवर बोट ठेवलं,
वहीवाल्या सिस्टर म्हणाल्या, हात लावू नका, कागद झडतो.

दंतवैद्याचं उत्तर रात्री आलं.
सहा पेल्यांवर रानडुक्कर कोरून घेतलंय हो मी.
पेले ठेवा, मी कळवलं, डुक्कर तुमचंच आहे,
फक्त आईकडून.
यावर तो दोन दिवस गप्प.

आज वीज होती म्हणून तक्ता बदलायला घेतला.
रॉजर सोडवून दोन केले, वर एक, खाली एक.
मधल्या चौकटीत काहीच टाइप केलं नाही,
तर पडद्यावर तांबडी अक्षरं: नाव आवश्यक आहे.
माटिल्डा लिहिता आलं असतं. एम्मा. त्या काळी घरोघरी होत्या.
कोण तपासणार होतं?

मी एक आडवी रेघ दिली.
घेतली त्यानं.